गुणांविषयीची हरकत कशी हाताळावी: स्वायत्त महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या परीक्षा विभागांसाठी

निकाल लागल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांगलीतल्या किंवा साताऱ्यातल्या कोणत्याही मोठ्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाच्या खिडकीशी थोडा वेळ उभे राहिले, की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो: ‘सर, पेपर चांगला गेला होता, मग एवढेच गुण कसे?’ खिडकीच्या आतून एक छापील अर्ज पुढे सरकवला जातो, चलन भरून आणायला सांगितले जाते आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलावले जाते. परीक्षेच्या कामात बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हरकतींची व्यवस्था बिघडते ती याच क्षणी, कारण तीन अगदी वेगळ्या दुखण्यांना आपण एकच अर्ज, एकच शुल्क आणि एकच मुदत देतो.

हे लिखाण प्रामुख्याने परीक्षा विभागात काम करणाऱ्या प्राध्यापकांसाठी व लिपिकांसाठी आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आता कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे येतात आणि पूर्वी गुणांविषयीची तक्रार म्हटली की ती कोल्हापूरला जाऊनच सोडवावी लागे. आता स्वायत्त महाविद्यालयांत पदवी विद्यापीठाची असली तरी परीक्षा, तपासणी आणि निकाल ही सर्व कामे महाविद्यालयाकडे आली आहेत. साताऱ्यात तर रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाचे समूह विद्यापीठच उभे राहिले आहे. ‘वरून निकाल आला, आम्ही काय करणार’ हे उत्तर त्यामुळे आता देता येत नाही, कारण वर म्हणजे आपणच आहोत.

पहिले काम: हरकत कोणत्या जातीची आहे ते ओळखणे

पहिली जात निव्वळ गणनेच्या चुकीची असते. बेरीज चुकणे, एखादे उत्तर न तपासता सुटणे, पुरवणीतील गुण मुख्य उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर न येणे, अंतर्गत परीक्षेचे गुण संगणकात भरले न जाणे, हजर विद्यार्थ्यापुढे ‘गैरहजर’ अशी नोंद पडणे, हे सर्व यात येते. येथे मतभेदाला जागाच नसते. दुसरी जात प्रक्रियेतील दोषाची असते: प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असणे, आदर्श उत्तरसूचीच चुकीची असणे, परीक्षकाने ठरलेली गुणविभागणी न पाळणे, लेखनिक मिळण्यास पात्र असलेल्या विद्यार्थ्याला तो न मिळणे किंवा एखाद्याला जाणूनबुजून वेगळी वागणूक दिली जाणे. तिसरी जात मूल्यमापनाविषयीच्या मतभेदाची. उत्तर तपासले गेले आहे, बेरीजही बरोबर आहे, मात्र आठपैकी मिळालेले तीन गुण कमी आहेत असे विद्यार्थ्याला वाटते.

ही विभागणी खिडकीशीच व्हायला हवी आणि ती करण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकू नये. अर्ज एका पानाचा व मराठीत असावा, त्यात परीक्षा क्रमांक, विषय, प्रश्न क्रमांक, उत्तरपत्रिकेतील पान क्रमांक आणि ‘नेमके काय चुकले आहे असे आपल्याला वाटते’ यासाठी चार-पाच ओळींची मोकळी जागा असावी. अर्ज कोणत्या गटात जातो हे परीक्षा विभागातील एका प्रशिक्षित व्यक्तीने त्याच दिवशी ठरवावे आणि विद्यार्थ्याला मिळणाऱ्या पोचपावतीवर लिहावे.

गणनेच्या चुकीसाठी शुल्क घेऊ नये, हे मी आग्रहाने म्हणतो. चूक संस्थेची आणि ती शोधण्याचा खर्च विद्यार्थ्याचा, ही रीत कोणत्याही हिशेबात बसत नाही. अशी चूक पाच कामकाजाच्या दिवसांत दुरुस्त होऊन सुधारित गुणपत्रक हातात पडले पाहिजे. मी जवळून पाहिलेले एक प्रकरण सांगतो. जत तालुक्यातून आलेल्या वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याला ८० पैकी २९ गुण पडले व तो अनुत्तीर्ण ठरला. पुरवणी मुख्य उत्तरपत्रिकेला बांधलेली होती आणि तपासलेलीही होती, फक्त तिच्यातले ११ गुण पहिल्या पानावर आलेच नव्हते. दुरुस्ती करायला दोन मिनिटे पुरली असती, पण अर्ज पुनर्मूल्यांकनाच्या गठ्ठ्यात पडला, दुसऱ्या परीक्षकाकडे गेला, परत आला, सहीसाठी थांबला आणि पाचव्या आठवड्यात त्याला ४० गुण मिळाले. तोवर पदव्युत्तर प्रवेशाची मुदत संपून गेली होती. त्या महाविद्यालयात कोणीही वाईट हेतूने वागले नव्हते, हे मला ठाऊक आहे. दोन मिनिटांच्या कामासाठी वेगळी वाट कोणी ठेवलेली नव्हती, इतकेच.

दुसरे काम: आधी उत्तरपत्रिका दाखवणे, मग हरकत घेणे

आपल्याकडे अनेक ठिकाणी विद्यार्थी उत्तरपत्रिका न पाहताच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरतो, म्हणजे अंधारात दगड मारतो. त्यातून ज्यांची हरकत टिकणारी नाही अशांचे अर्ज वाढतात आणि ज्यांची हरकत खरी आहे त्यांना ती नेमकी मांडता येत नाही. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याच्या अर्थाने ‘माहिती’ आहे आणि ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाविरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात स्पष्ट केले. त्याच निकालात परीक्षकाची ओळख उघड करू नये असेही सांगितले आहे, आणि ते योग्यच आहे. सांगलीसारख्या शहरात परीक्षक आणि विद्यार्थी यांची संध्याकाळी एकाच भाजी मंडईत गाठ पडू शकते.

माहिती अधिकाराखाली अर्जाचे शुल्क १० रुपये व प्रतीचे शुल्क पानाला २ रुपये आहे, म्हणजे ३२ पानांच्या उत्तरपत्रिकेची प्रत ६४ रुपयांत मिळते. संस्थेने स्वतःचे वेगळे शुल्क ठरवले असले तरी विद्यार्थ्याला माहिती अधिकाराचा मार्ग मोकळा राहतो, हे २०१९ मध्ये कंपनी सचिवांच्या संस्थेसंबंधीच्या प्रकरणात न्यायालयाने मान्य केले. मात्र त्या मार्गाने उत्तर देण्यास ३० दिवस असतात आणि पुनर्मूल्यांकनाची खिडकी बहुधा त्याआधीच बंद झालेली असते. त्यामुळे प्रत देण्याची सोय संस्थेने स्वतःच करावी. ज्यांच्याकडे उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासल्या जातात त्यांना हे सर्वांत सोपे आहे, कारण परीक्षकाचे नाव व सही झाकून तीच प्रत विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये ठेवता येते. कागदावर तपासणी होत असेल तर निकालानंतरचे तीन दिवस ‘उत्तरपत्रिका पाहणी’ म्हणून जाहीर करावेत, विषयवार वेळा लावाव्यात, विषयाचा एक शिक्षक तेथे बसवावा आणि विद्यार्थ्याला मोबाइलवर छायाचित्र घेऊ द्यावे. पाहणीनंतर ‘आपले चुकलेच होते’ असे म्हणून परत फिरणारे विद्यार्थी मी बरेच पाहिले आहेत, आणि अर्ज कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

पडद्यावरील तपासणीविषयी एक सावधगिरी सांगतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने ही पद्धत एकाच हंगामात मोठ्या प्रमाणावर लागू केली आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. एका विद्याशाखेपासून सुरुवात करावी, एक सत्र पाहावे आणि मगच पुढे जावे.

परीक्षकाच्या टेबलावर काय बदलायचे

हरकतीचा निर्णय कसा होणार हे तपासणीच्या वेळीच ठरलेले असते. प्रश्नाला एकरकमी ‘५’ असा आकडा लिहिला असेल, तर ते पाच कशाचे हे तीन आठवड्यांनी स्वतः परीक्षकालाही सांगता येत नाही. म्हणून आदर्श उत्तरसूचीत प्रत्येक टप्प्याचे गुण आधी ठरलेले असावेत आणि उत्तरपत्रिकेच्या समासात टप्प्यागणिक गुण लिहिलेले असावेत. प्राश्निकाने, म्हणजे प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने, उत्तरसूची देताना मान्य होऊ शकणारी पर्यायी उत्तरेही लिहून द्यावीत. तपासणी केंद्रावर पहिल्या दिवशी सर्व परीक्षकांनी त्याच पाच उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासून गुण ताडून पाहावेत. एकाने १२ आणि दुसऱ्याने १९ दिले असतील तर ते त्या दिवशी कळणे, निकालानंतर कळण्यापेक्षा कितीतरी बरे.

आपल्या भागात दोन माध्यमांचा प्रश्न विशेष आहे. मराठी माध्यमातून उत्तरे लिहिणारा विद्यार्थी मराठी प्रश्न वाचतो, उत्तरसूची मात्र बहुधा इंग्रजी प्रश्नावरून तयार झालेली असते. इंग्रजी प्रश्नात ‘किमान’ या अर्थाचा शब्द असेल आणि मराठीत ‘कमाल’ छापले गेले असेल, तर मराठी विद्यार्थ्याचे बरोबर उत्तर चूक ठरते. त्यामुळे प्रश्नपत्रिका छपाईला जाण्यापूर्वी दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचणारा एक माणूस हवा, आणि अशी हरकत आली तर तिला प्रक्रियेतील दोष मानावे, मतभेद नव्हे.

येथेच एक मुद्दा येतो जो सर्वाधिक वेळा विसरला जातो. उत्तरसूची चुकीची असल्याचे एका विद्यार्थ्याच्या अर्जावरून सिद्ध झाले, तर दुरुस्ती त्या एकट्याची करून भागत नाही; तो विषय दिलेल्या प्रत्येकाचे गुण पुन्हा पाहावे लागतात. कानपूर विद्यापीठासंबंधीच्या १९८३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्तरसूची बरोबर असल्याचे गृहीत धरावे, पण ती उघडपणे चुकीची असल्याचे दाखवून दिले तर बरोबर उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षा होऊ नये अशी भूमिका घेतली. अर्ज करायला ज्याच्याकडे वेळ नव्हता किंवा धीर नव्हता, त्याचे गुणही तितकेच चुकलेले असतात.

पुनर्मूल्यांकन

खऱ्या मतभेदासाठी पुनर्मूल्यांकन असावे आणि दुसऱ्या परीक्षकाला पहिल्याचे गुण दिसू नयेत. हे कागदावर अवघड असते, तरी पहिल्या पानाचे गुण झाकून आणि समासातील आकड्यांवर पट्टी ठेवून काढलेली छायाप्रत पाठवता येते. विषय लहान असेल तर सांगलीच्या उत्तरपत्रिका साताऱ्याला आणि साताऱ्याच्या सांगलीला पाठवण्याचा परस्पर करार दोन महाविद्यालयांनी करावा. एकाच विभागात तीन शिक्षक आणि त्यातला एक विभागप्रमुख असेल, तर ‘स्वतंत्र परीक्षक’ हा शब्द कागदावरच राहतो. दोघांच्या गुणांत एकूण गुणांच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त अंतर पडल्यास तिसऱ्याकडे पाठवावे, असे मी सुचवतो. हा आकडा संस्थेने आपल्या अनुभवाने बदलावा, परंतु तो परीक्षेपूर्वी जाहीर झालेला असावा.

गुण कमी झाले तर काय, हा प्रश्न नेहमी शेवटी निघतो आणि नेहमी वादाचा ठरतो. कधीच कमी होणार नाहीत असे म्हटले, तर प्रत्येक जण अर्ज करील. कितीही कमी होऊ शकतात असे म्हटले, तर एका गुणाने काठावर पास झालेली मुलगी खरी हरकत असूनही गप्प बसेल. माझे मत असे, की गुण कमी होऊ शकतात, मात्र उत्तीर्ण विद्यार्थी त्यामुळे अनुत्तीर्ण होणार नाही, असा नियम करावा आणि तो अर्जावरच ठळक अक्षरांत छापावा. शुल्क ठेवायचेच असेल तर ते नाममात्र असावे आणि गुण वाढल्यास पूर्ण परत मिळावे.

उत्तर कसे लिहावे

सर्वाधिक असमाधान ज्यातून निर्माण होते ते पत्र एका ओळीचे असते: ‘आपल्या गुणांत बदल नाही.’ हे वाचून विद्यार्थ्याला आपली उत्तरपत्रिका कोणी उघडली तरी होती का, असा संशय येतो आणि तो संशय खोटा ठरवण्यासारखे त्या ओळीत काहीही नसते. त्याऐवजी पत्र असे असावे:

‘आपण प्रश्न ३ (ब) विषयी हरकत घेतली होती. या प्रश्नात घटत्या शिल्लक पद्धतीने तीन वर्षांचा घसारा काढण्यास सांगितले होते. आपण स्थिर हप्ता पद्धतीने आकडेमोड केली आहे. उत्तरसूचीनुसार ८ पैकी ५ गुण योग्य पद्धतीने केलेल्या आकडेमोडीला आणि ३ गुण खात्याच्या मांडणीला होते. आपली मांडणी बरोबर असल्याने ३ गुण देण्यात आले आहेत व ते कायम ठेवले आहेत. हा निर्णय मान्य नसल्यास आपण विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करू शकता. त्याची शेवटची तारीख व पत्ता खाली दिला आहे.’

एवढे लिहायला सात-आठ मिनिटे लागतात. शंभर अर्जांना बारा-तेरा तास लागतील आणि ते काम कोणाकडे तरी अधिकृतपणे सोपवावे लागेल, हे मी जाणतो. पण त्याच शंभरांतले वीस जण पुन्हा पुन्हा खिडकीशी येतात, त्यांचे पालक प्राचार्यांच्या दालनात बसतात आणि एखादा माहिती अधिकाराचा अर्ज करतो, तेव्हा जाणारे तास कोणी मोजत नाही. कारण लिहिण्याची सवय लागली की परीक्षकही तपासताना कारण मनात धरून तपासू लागतो, हा त्यातला दुसरा लाभ आहे.

समिती आणि लोकपाल

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनी प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आवश्यक केली आहे. प्राध्यापक अध्यक्ष, चार ज्येष्ठ शिक्षक सदस्य आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी प्रतिनिधी अशी तिची रचना असते. त्यात एक तरी महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागास प्रवर्गातील एक तरी व्यक्ती असावी लागते. मूल्यमापनातील अपारदर्शक किंवा अन्याय्य पद्धती आणि निकालातील विलंब या दोन्ही गोष्टी या विनियमांनुसार तक्रारीचे विषय आहेत. समितीने तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो, आणि विद्यार्थी स्वतः येऊ शकतो किंवा आपला प्रतिनिधी पाठवू शकतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालांकडे, म्हणजे विद्यार्थ्यांची अशी अपिले ऐकण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अपील करता येते व लोकपालांनी ते ३० दिवसांत निकाली काढायचे असते.

विनियमांतील एक अट विद्यार्थ्यांना कोणी नीट समजावून सांगत नाही. केवळ पुनर्मूल्यांकन किंवा फेरबेरीज हवी म्हणून केलेले अपील लोकपाल स्वीकारत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभावाचा ठोस प्रसंग दाखवावा लागतो. इंग्लंड आणि वेल्समधील विद्यापीठांविषयीच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी पाहणारी स्वतंत्र निवाडा यंत्रणाही शैक्षणिक निर्णयात हात घालत नाही, प्रक्रिया नीट पाळली गेली का आणि संस्थेचा निर्णय वाजवी होता का हे पाहते. तेथे संस्थेने अंतर्गत कार्यवाही साधारण ९० दिवसांत संपवावी अशी अपेक्षा असते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की गुण बरोबर की चूक हा प्रश्न सोडवण्याची जागा शेवटी महाविद्यालयातच आहे. तेथे तो अर्धवट सोडला, तर पुढे त्याला ऐकून घेणारे कोणी उरत नाही.

समितीच्या बैठकीत ज्याने ती उत्तरपत्रिका तपासली त्या शिक्षकाने सदस्य म्हणून बसू नये, त्याने फक्त म्हणणे मांडावे आणि बाहेर जावे. हे सांगावे लागू नये, पण लहान महाविद्यालयांत तोच प्राध्यापक परीक्षकही असतो, परीक्षा विभागातही असतो आणि समितीवरही असतो. अशा वेळी पर्यायी सदस्यांची यादी सत्राच्या सुरुवातीलाच तयार ठेवावी.

तारखा, एसटी आणि पूर

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत जाहीर व्हायला हवेत. उन्हाळी परीक्षेचे निकाल या हिशेबाने जून-जुलैत येतात, हरकतींची मुदत ऐन पावसाळ्यात पडते आणि म्हसवड, आटपाडी किंवा पाटणच्या आतल्या गावातून एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्याचा एका अर्जासाठी अख्खा दिवस जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीचे रस्तेच बंद केले होते. म्हणून मुदत निकालाच्या तारखेपासून न मोजता उत्तरपत्रिका दाखवल्याच्या तारखेपासून मोजावी, ती दहा दिवसांपेक्षा कमी नसावी, अर्ज ऑनलाइन भरता यावा, आणि जिल्हा प्रशासनाने पुरामुळे सुट्टी जाहीर केलेले दिवस मुदतीतून आपोआप वगळले जातील असे नियमातच लिहावे. पूर ओसरल्यावर विशेष परिपत्रक काढू असे म्हणून चालत नाही, कारण ते परिपत्रक निघेपर्यंत ज्याचे घर चिखलात आहे तो विद्यार्थी आशा सोडून बसलेला असतो.

हरकत प्रलंबित असताना पुढचे दरवाजे बंद होऊ नयेत, ही तरतूदही त्याच नियमावलीत असावी. एटीकेटीचा (राहिलेले विषय पुन्हा देण्याचा) परीक्षा अर्ज भरण्याची मुदत आधी संपत असेल तर विद्यार्थ्याला तो भरू द्यावा आणि हरकत मान्य झाल्यास शुल्क परत करावे. पुढच्या वर्गात तात्पुरता प्रवेश द्यावा. दुसऱ्या संस्थेत प्रवेश घ्यायचा असेल तर ‘निकालावरील हरकत विचाराधीन’ असे परीक्षा विभागाचे पत्र मागताक्षणी मिळावे. जतच्या त्या विद्यार्थ्याकडे असे पत्र असते, तर निदान विनंती करायला त्याच्या हातात काहीतरी असते.

शेवटी नोंदवही. विषय, प्रश्न क्रमांक, हरकतीची जात, आधीचे व नंतरचे गुण, लागलेले दिवस आणि बदलाचे कारण एवढे रकाने पुरेत. परीक्षकाचे नाव त्यात घालू नये, ते गोपनीय नोंदीत राहू द्यावे. सत्र संपल्यावर ही वही परीक्षा व मूल्यमापनाचे काम पाहणाऱ्या मंडळापुढे आणि संबंधित अभ्यास मंडळापुढे ठेवावी. एकाच प्रश्नावर तीसेक हरकती आल्या असतील, तर आधी तो प्रश्न पाहावा आणि मग विद्यार्थ्यांकडे वळावे. हे सर्व एकदम सुरू करणे जमणार नसेल, तर येत्या सत्रात ज्या विषयात सर्वाधिक पुनर्मूल्यांकनाचे अर्ज येतात त्या एकाच विषयासाठी पाहणीचे तीन दिवस आणि सकारण उत्तरे ठेवून पाहावीत, आणि त्या विषयाचे रकाने पुढच्या बैठकीत वाचून दाखवावेत.